धरणावरचा आपला माणूस

मी अकरा वर्षं पाणी वाचण्याची नोकरी केली. हे सांगितलं की लोक हसतात. पेपर वाचतात, पोथी वाचतात, फार तर हात वाचतात. पाणी काय वाचायचं? पण धरणाच्या भिंतीला आतल्या बाजूने एक उंच पट्टी रंगवलेली असते, पांढऱ्यावर काळे आकडे. पाणी त्या पट्टीच्या कुठल्या रेघेला टेकलंय ते बघून रजिस्टरात लिहायला एक माणूस लागतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, पावसाळ्यात दर तासाला आणि पाणी चढायला लागलं की दर पंधरा मिनिटांनी. तो माणूस मी होतो. कागदावर माझा हुद्दा लांबलचक होता, पण पाड्यात मला सगळे नुसतं ‘धरनावरचा’ म्हणत.

आमचं धरण मोखाड्याच्या अंगाला, दोन डोंगरांच्या मधे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पाणी अडवलं, संपलं काम. आत बसलं की कळतं, त्या एकाच पाण्याला मालक किती. शहराला बारा महिने प्यायला पाणी हवं, म्हणजे धरण भरलेलं हवं. वीजघराला पाणी पडतं हवं, म्हणजे ते सोडलेलं हवं. खालच्या तालुक्यांतल्या कालव्याला ते थंडीत हवं, म्हणजे आत्ता राखायला हवं. आणि वरून लोंढा आला तर तो मावायला धरणात मोकळी जागाही हवी. या सगळ्यांची समजूत घालायला एक तक्ता होता. कुठल्या पंधरवड्यात पाणी कुठल्या रेघेपर्यंत चालेल ते त्यात लिहिलेलं. पट्टीवर ती लाल खुणेने दाखवलेली असे; ती लाल रेघ गाठली की दरवाजे उचलायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्या पाण्याची गत. माझ्या अकरा वर्षांत चार साहेब बदलले, पण भिंतीवरचा तक्ता तोच राहिला.

नोकरी मिळाली ती प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर. आजोबांची भातखाचरं आणि डोंगरउतारावरची नाचणीची वरकस जमीन, दोन्ही त्या पाण्याखाली आहेत. पट्टीपासून मान वळवली की आमचा जुना पाडा कुठे होता ते मला दाखवता येई, म्हणजे त्या जागेवरचं पाणी दाखवता येई. पाडा उठला आणि धरणाच्या खालच्या बाजूला, नदीकाठच्या टेकाडावर जाऊन बसला. दाखला कित्येक वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून होता. मी बारावी झालो, टायपिंग शिकलो, मोखाड्याच्या आणि जव्हारच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आणि एकदाचा रुजू झालो. वडील तोवर गेले होते. आईने त्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं, “शेत दिलं, त्याच्या बदल्यात माजा पोर ठेवला तिथं.” ती हे गमतीने म्हणत नव्हती. तिच्या लेखी हा सरकारशी झालेला सौदा होता आणि तो आता कुठे पुरा झाला होता.

बाकी धरणाचा पाड्याला उपयोग विचाराल तर दिव्याखाली अंधार. विहीर एक, ती होळी झाली की आटते. मग बाया हंडे घेऊन नदीच्या डबक्यांवर. वांगणीकडे दिलेल्या माझ्या मावशीच्या गावात तेही नाही, तिथे टँकरची वाट बघतात. मावशी भेटली की विचारायची, “तुजं पानी कवा येल रं आमच्याकडं?” जसं काही मी ते पिंपात भरून घरी नेऊन ठेवलं होतं.

पण एक गोष्ट धरणाने आम्हाला दिली, आणि ती कुणाच्याच तक्त्यात नव्हती. जुनी माणसं सांगत, पूर्वी नदीला पूर चढायला एक दिवस लागे आणि उतरायला तीन. आता पूर बटणावर आला. दरवाजे उचलले की तासाभरात नदी काठोकाठ, दरवाजे टेकवले की तेवढ्याच वेळात तळाला. पाणी इतक्या झटक्यात उतरतं की मासा फसतो. आमच्या पाड्याखाली नदी खोल कातळातून जाते. कातळात रांजणाएवढी, कुठे कुठे खोलीएवढी कुंडं आहेत. पाणी ओसरलं की त्यांत वाम, शिंगटी अडकून पडतात; चिंबोऱ्या तर नुसत्या उचलायच्या. बाया हातजाळी आणि टोपल्या घेऊन उतरतात आणि घटकाभरात चार दिवसांचं कालवण घेऊन वर येतात. ते दिवस लावणी उरकल्यानंतरचे असतात. घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि नवं भात अजून पोटरीतही आलेलं नसतं. त्या दिवसांत मासा म्हणजे चैन नसते.

दरवाजे उचलण्याआधी भोंगा द्यायचा हा नियम. तीन लांब भोंगे, अर्धा तास आधी. ऐकला की नदीतून बाहेर व्हायचं, हे आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दरवाजे टेकवल्यावर मात्र भोंगा नाही. का असावा? पाणी कमी होण्याने कुणी मरत नाही. त्यामुळे बाया काय करायच्या, तर अंगावर प्लास्टिकचा कागद ओढून कातळाच्या काठावर तासन् तास बसून राहायच्या, पाणी उतरतंय का बघत. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या पावसाळ्यात आई अशीच दिवसभर भिजली आणि आठवडाभर तापाने पडली. मी उशाशी बसलो होतो. मला स्वतःचाच राग आला. भोंग्याचं बटण माझ्या हाताखाली आणि आई पावसात बसते. तेव्हाच तिला म्हटलं, “आये, आता वाट बघू नकोस. दरवाजे लागले की मी एकदा छोटा वाजवीन.”

आणि मी वाजवला. एक, अगदी छोटा, शेळीला हाक मारावी तेवढा. यात नियमाविरुद्ध काय, असं मी मलाच विचारलं आणि मीच उत्तर दिलं की काही नाही. तेव्हाच्या साहेबांनी केबिनमधून डोकं बाहेर काढून विचारलं, “हा कसला?” मी म्हटलं, “टेस्टिंग, साहेब.” दुसऱ्या दिवशी मी डब्यातून वामेचं कालवण नेलं. त्यांनी बोटं चाटून खाल्लं आणि पुन्हा कधी टेस्टिंगबद्दल विचारलं नाही.

दोन-तीन वर्षांत पाच पाड्यांना ती खूण कळली. तीन लांब म्हणजे बाहेर, एक छोटा म्हणजे आत. दाभोशाहून माझा मेहुणा पावसाच्या दिवसांत नेमका जीप पकडून पाहुणा म्हणून यायला लागला. बाजाराच्या दिवशी मोखाड्यात अनोळखी बाया माझ्याकडे बोट दाखवून एकमेकींना सांगत, हाच तो, भोंगावाला. मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू? एवढं अवाढव्य धरण, त्याची वीज, त्याचं शहर, त्याचे कालवे. त्यातला एवढासा तुकडा मी माझ्या माणसांसाठी वळवला होता.

त्या दिवशी श्रावण संपत आला होता. दोन दिवस धो धो कोसळून सकाळी पाऊस जरा थांबला. पाणी रेघेच्या बरंच खाली आलं, म्हणून साहेबांनी नऊच्या सुमारास दरवाजे टेकवले. हे चौथे साहेब, घाटावरचे, वयाने माझ्याहून लहान, कामाला काटेकोर. मी सवयीने छोटा भोंगा दिला. ते बघत होते. त्यांनाही तोवर माहीत झालं होतं.

साडेदहा-अकराला वरच्या खोऱ्यातल्या पाऊस मोजणाऱ्या ठाण्यावरून फोन आला. तिकडे ढग फुटल्यासारखा पाऊस झाला होता आणि ते पाणी आमच्याकडे निघालं होतं. पाठोपाठ पूर कक्षाचाही फोन आला. साहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, “भोंगा दे. अर्ध्या तासात उचलायचे. त्याआधी लाल रेघ गाठली तर त्याआधी.”

मी तीन लांब भोंगे दिले. तलाठ्याला आणि पोलीसपाटलाला निरोप टाकले. मग घरी फोन लावला. आई नदीवर जाताना फोन खुंटीला टांगून जाते, म्हणून वहिनीला लावला. पाड्यात नेटवर्क एका आंब्याखालीच येतं. तिसऱ्यांदा लागला.

“आये कुठंय?”

“नदीत. समद्याच हायत, धा-बारा जनी.”

“भोंगा ऐकला का तुमी?”

“ऐकला की. इथवर आला.”

“मग वर आल्या का?”

तिने काठापर्यंत जाऊन बघितलं असावं. परत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. “नाय वो भाऊ. वाकूनच हायत कुंडात.”

मी तिला पळ म्हणालो. टेकाडावरून कातळात उतरायला एकच पायवाट, शेवाळलेली. उतरायला दहा मिनिटं, बायांना घेऊन चढायला त्याहून जास्त. मी वॉकीटॉकी घेतला आणि पट्टीपाशी गेलो.

इथे आमची कामाची पद्धत सांगायला हवी. दरवाज्यांची बटणं वर केबिनमध्ये, तिथे साहेब. पट्टी खाली, भिंतीच्या आतल्या अंगाला, तिथे मी. केबिनमधून पट्टी दिसत नाही. पातळी आपोआप सांगणारं यंत्रही बसवलेलं होतं, पण त्या महिन्यात ते दुरुस्तीला गेलं होतं. म्हणजे पाणी कुठे आहे हे फक्त मला दिसत होतं. मी सांगेन ते साहेब लिहिणार आणि त्यावर दरवाजे उचलणार किंवा थांबणार.

पाणी गढूळ होतं, त्यावर पालापाचोळा आणि लाकडं. ते बोटाबोटाने चढत होतं. मी पहिला आकडा खरा सांगितला: लाल रेघेखाली दहा सेंटिमीटर. मग म्हणालो, “साहेब, भोंगा परत द्या. खाली माणसं असतील.” त्यांनी परत तीन दिले. मी खिशातला फोन हातात धरून उभा राहिलो. पुढच्या पंधरा मिनिटांत पाणी लाल रेघेला टेकलं. वहिनीचा फोन नाही.

वॉकीटॉकीतून साहेब म्हणाले, “बोल.”

मी म्हणालो, “रेघेखाली आठ.”

आयुष्यात तोवर मी पाण्याचा एकही आकडा खोटा सांगितला नव्हता. भर पावसात, चिखलात, ताप अंगावर घेऊन मी पट्टीपर्यंत गेलो आहे. खोलीत बसून अंदाजाने लिहिणारे मला ठाऊक होते आणि मी त्यांना तोंडावर शिव्या दिल्या आहेत. आणि आता माझ्या डोळ्यासमोर रेघ बुडत होती आणि मी ती दिसते आहे असं सांगत होतो. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, याची मला नंतर भीती वाटली. वर साहेब “ठीक” म्हणाले. त्यांना खोटं का वाटावं? माझ्या रजिस्टरातला आकडा जिल्ह्यापर्यंत कुणी तपासत नसे.

पुढच्या खेपेला रेघ पाण्याखाली हातभर नाही तरी वीतभर गेली होती. मी म्हणालो, “खाली पाच.” भोंगा देऊन अर्ध्या तासाच्या वर झालं होतं, पण साहेबांना वाटत होतं की पाणी हळू चढतंय, तेव्हा खालच्यांना अजून वेळ देऊ. ते भले होते म्हणून थांबले होते, आणि मी त्यांच्या भलेपणाचा फायदा घेत होतो. समोर आजोबांच्या शेतावरचं पाणी भिंतीला धडका देत होतं. मी धरणाला काही होईल म्हणून घाबरलो नव्हतो, भिंत मजबूत आहे. मला आईची पाठ दिसत होती, कुंडात वाकलेली.

मग फोन वाजला. वहिनी धापा टाकत होती. “आल्या वर. समद्या.”

“मोजून सांग.”

तिने एकेकीचं नाव घेत मोजल्या. आईसकट अकरा. मी फोन खिशात टाकला आणि वॉकीटॉकीत सांगितलं, “साहेब, पाणी लाल रेघेच्या वर गेलंय. वीस.”

साहेब म्हणाले, “मघाशी खाली पाच होतं ना?”

“हो साहेब.”

मोटारी सुरू झाल्या. खरं तर दोन दरवाजे थोडे थोडे उचलून भागलं असतं. आता सगळे उचलावे लागले आणि बरेच वर उचलावे लागले. जे पाणी तासाभरात रांगेने जायचं ते एकदम गेलं. भिंतीवर उभ्या राहिलेल्या माझ्या तळपायांना त्याची थरथर जाणवत होती, आणि मी देवाचे आभार मानत होतो.

सुटी मिळाली ती चौथ्या दिवशी. जीपने पाड्याच्या फाट्यापर्यंत आणि तिथून चालत, सगळी वाट मी आईला काय काय बोलायचं ते ठरवत गेलो. ती चुलीपुढे बसली होती. वर धुरात मासे वाळत टाकलेले होते. शेजारच्या दोघी होत्या, वहिनी होती. मी चप्पल काढायच्या आत सुरू झालो.

“आये, त्या दिवशी भोंगा ऐकला नाहीस?”

“ऐकला की. तीनदा, आन् परत तीनदा.”

“मग वर का नाय आलात?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असं तिला वाटत होतं. “तू हायस ना तिथं.”

“मी हाय म्हणून काय झालं?”

“आमी नदीत हाव तवर तू पानी सोडाचा नाय.” मग तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. “आन् नाय सोडलंस.”

शेजारच्या बाया हसल्या, मायेने हसल्या. वहिनी एकटी हसली नाही. तिने नंतर मला अंगणात सांगितलं, की ती कातळावर पोचून ओरडत होती तेव्हाही त्या सावकाश आल्या. एकीने तर सांगितलं, थांब, एवढं कुंड उपसून घेते, भाऊ हाय वर. आई चढताना दोनदा बसली. वहिनी तिचा हात धरून ओढत होती आणि आई तिलाच म्हणत होती, कशाला जीव खातेस?

मी आईला रागावलो, समजावलं, हात जोडले. बटण माझं नाही, हुकूम वरून येतो, उद्या मी रजेवर असेन, परवा साहेब ऐकणार नाहीत. ती मान हलवत राहिली. तिने मला पेजेबरोबर भाजलेली वाम वाढली. मी ती खाल्ली. ती त्याच दिवशीची होती हे मला माहीत होतं आणि तरी मी खाल्ली.

पुढच्या बाजाराला मोखाड्याहून परतताना जीपमध्ये माझ्या शेजारी नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावातला म्हातारा बसला होता. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. तो समोरच्याला सांगत होता, “पानी दरसाल येतं, पन असं येत नाय. बांध फुटले. लावलेलं भात समदं गाळाखाली. निरोप आला तवा आमी ढोरं वर नेली, पन शेत कसं उचलून न्यायचं?” समोरचा म्हणाला, धरणाचंच काम ते. म्हातारा म्हणाला, “धरनाचं नाय वो. सोडनाऱ्याचं.” जीप खचाखच भरली होती, आमचे गुडघे एकमेकांना लागले होते. माझ्या फाट्यावर उतरलो तेव्हा त्याने माझी पिशवी हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही आकडे खोटे होते असं सांगितलं. का, तेही सांगितलं. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. “खरे आकडे लाल शाईने लिही. खाली सही कर. मी वर कळवतो.” त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त मी दाराशी गेल्यावर म्हणाले, “मी तुझ्या आकड्यावर थांबलो होतो. मी थांबलो नसतो तर खालची शेतं वाचली असती आणि तुझी आई गेली असती. हे तू मला ठरवूसुद्धा दिलं नाहीस.” मला लेखी ताकीद मिळाली. त्यांना खुलासा द्यावा लागला. मला ताकिदीपेक्षा त्यांचं ते वाक्य जास्त लागलं, अजून लागतं.

मी छोटा भोंगा बंद केला. पाचही पाड्यांत जाऊन सांगितलं की आता खूण नाही, काही नाही, तीन वाजले की जीव घेऊन पळा. लोकांनी ऐकून घेतलं आणि चहा दिला. पंधरा दिवसांनी परत दरवाजे उचलायची वेळ आली. मी तीन दिले आणि वहिनीला फोन केला. ती म्हणाली, “पाच जनी आतच हायत, भाऊ. म्हनतात, सायबाच्या भीतीनं बोलला आसंल, पन आपलाच हाय.” त्या दिवशी पाण्याने घाई केली नाही, त्या पाचही जणी वेळेत वर आल्या. मी केबिनच्या पायरीवर बसून घेतलं.

तेव्हा मला कळलं की मी जोवर तिथे आहे तोवर माझ्या माणसांना त्या भोंग्याचं भय वाटणार नाही. नियम सांगून ते परत येणार नव्हतं. मी एकदा थांबलो होतो, म्हणजे मी नेहमी थांबणार, एवढं साधं त्यांचं गणित. शेत दिलं होतं, माणूस ठेवला होता. आपल्याच माणसाला कोण घाबरतं?

मी बदलीचा अर्ज लिहिला. साहेबांनी वाचून विचारलं, “कारण ‘घरगुती’ एवढंच?” मी हो म्हणालो. त्यांनी शिफारस लिहिली. दिवाळीनंतर मला जव्हारच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर पाठवलं. तिथे मी पत्रांवर शिक्के मारतो. पाणी म्हणजे टेबलावरची बाटली. बातमी कळल्यावर पाड्यात आठवडाभर सुतक असल्यासारखं होतं. आई माझ्याशी बोलली नाही. मावशीने वांगणीहून निरोप पाठवला की एवढी सोन्यासारखी जागा कुणी सोडतं का. मेहुणाही त्या सालापासून पावसात यायचा बंद झाला. मी कुणाला खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बघा, आपल्यासाठीच गेला, आणि परत तेच.

पुढच्या पावसाळ्यात पोळ्याला जोडून रजा काढली आणि पाड्यावर गेलो. सकाळी आई टोपली घेऊन निघाली. मी अडवलं नाही, नुसता मागोमाग जाऊन टेकाडाच्या कडेला बसलो. खाली कातळावर बाया विखुरलेल्या होत्या. आई मधल्या मोठ्या कुंडापाशी वाकली होती. ऊन पडलं होतं, दूरवर पावसाचं चिन्ह नव्हतं.

भोंगा झाला. पहिला लांब. दुसरा सुरू व्हायच्या आत आईने जाळी उचलली. ती शेजारणींना हाका मारत होती, एकीच्या पाठीत तिने चापट मारली. तिसरा संपेपर्यंत सगळ्या पायवाटेला लागल्या होत्या. इतक्या वेगाने चढताना मी आईला माझ्या लहानपणीही पाहिलं नव्हतं. कुठे बसली नाही, मागे वळून बघितलं नाही. वर आली तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता, गुडघा खरचटून रक्त आलं होतं, आणि चेहऱ्यावर भीती होती. त्या भीतीसाठीच मी नोकरीची जागा सोडली होती. ती बघवेना मला.

मी तिच्या हातातली टोपली घेतली. आत दोनच चिंबोऱ्या होत्या. “आये, एवढी धावलीस?”

ती दगडावर बसली आणि पदराने तोंड पुसलं. तिच्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

“धावाया नको?” ती म्हणाली. “आता तिथं आपलं कोन हाय?”